दिवाळीचा खाडा आणि परत मैदानावर येणं : शिस्त, सवयी, चिवटपणा

मैदानी_नाशिककर (धागाकर्ता)
८ नोव्हेंबर, रात्री ९.२०

दिवाळी झाली की मैदानावर निम्मीच पोरं परत येतात. दरवर्षी हेच. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मी पहाटे सराव करून घेतो, बहुतेक दिवस गोल्फ क्लब मैदानावर, अधूनमधून पांडवलेणीच्या पायऱ्यांवर. फौजेतून निवृत्त होऊन नाशिकला स्थायिक झालो तेव्हापासून आवडीने हेच करतोय. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची मुलं असतात, सिडकोतली असतात, कॉट बेसिसवर राहून दिवसा कुठेतरी कामाला जाणारीही असतात.

भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. लांब धावण्यालाच २० गुण. रोज सराव केल्याशिवाय ते मिळत नाहीत, हे सांगायला मी कशाला हवा? मला वेगळ्या गोष्टीवर बोलायचं आहे.

सुरुवात करणं कुणालाच जड जात नाही. नवे बूट येतात, मोबाइलवर साडेचारचा गजर लागतो, स्टेटसला सूर्योदयाचा फोटो पडतो. गाडी अडते ती पहिला खाडा पडल्यावर. मामेभावाचं लग्न, ताप, घरची भातकापणी, दिवाळी. पोरगा चार दिवस येत नाही आणि पाचव्या दिवशी यायची त्याला लाज वाटते. सर काय म्हणतील, बाकीचे पुढे गेले असतील, आता सोमवारपासूनच नव्याने सुरू करू. तो सोमवार काही येत नाही. चांगल्या दमाची, चांगल्या पायांची मुलं केवळ या लाजेपायी सुटलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आमच्याकडे दोन नियम आहेत. पहिला: एक दिवस चुकला तर चुकला, लागोपाठ दुसरा चुकवायचा नाही. गावी असाल तर गावच्या रस्त्यावर दहा मिनिटं चाला, पण चाला. दुसरा: तरीही मोठा खाडा पडलाच, तर परत याल त्या दिवशी सराव करायचा नाही. मैदानाला चार फेऱ्या चालत मारायच्या, हजेरी लावायची, घरी जायचं. कुठे होतास हे कुणीही विचारायचं नाही. या नियमामुळे मुलं परत येतात. परत येणं सोपं केलं की माणूस येतो, एवढा अनुभव मला नक्की आहे.

आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवा. विहिरी खोदायच्या कामावर जाणारा मुलगा २०१२ साली फौजेत गेला, वल्ही मारायला तिथेच शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. पण मी पोरांना सांगतो ती गोष्ट २०१८ च्या आशियाई स्पर्धेची. एकेरीच्या अंतिम शर्यतीत तब्येतीने साथ दिली नाही, तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत बसला आणि साथीदारांबरोबर सुवर्णपदक घेऊन आला. एका रात्रीत कुणाची ताकद वाढत नाही. पण पाण्यात उतरायची अंगवळणी पडलेली सवय होती आणि नौकेत बाकीचे तिघे त्याच्या भरवशावर होते.

धावणंच असं नाही, अभ्यास, रियाज, जप, हिशेब, काहीही असो. खाडा पडल्यावर तुम्हाला परत कोण किंवा काय आणतं, ते इथे लिहा. मी पोरांना वाचून दाखवणार आहे.


पंचवटीकर
८ नोव्हेंबर, रात्री ९.५१

सर, "कुणीही विचारायचं नाही" हे फार आवडलं. आमच्या व्यायामशाळेत आठवड्याने गेलं की सगळ्यांसमोर विचारणा होते, त्यामुळे लोक यायचेच बंद होतात. वाचतोय.


शिक्षिका_कॉलेजरोड
८ नोव्हेंबर, रात्री १०.३५

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर घालते. तुमच्या पहिल्या नियमाला संशोधनाचा चांगला आधार आहे.

"२१ दिवस केलं की सवय लागते" हे आपण सगळीकडे ऐकतो. त्याचं मूळ १९६० सालचं आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचं निरीक्षण होतं की शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे लोकांनी ते व्यायामाला, अभ्यासाला, सगळ्यालाच लावलं.

प्रत्यक्ष मोजणी केली ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. २०१० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी एकेक नवी सवय निवडली, दुपारच्या जेवणासोबत एखादं फळ, रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटं पळणं, असं काहीतरी, आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. गोष्ट आपसूक व्हायला लागण्यासाठी लागलेला मध्यम काळ निघाला ६६ दिवस. पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत! (१२ आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून गणिताने काढलेले अंदाज आहेत.) पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर रुजली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. आणि तुमच्या धाग्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची बाब अशी की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्यात काही मोठा फरक पडला नाही.

एका खाड्याने काहीही वाया जात नाही, हे पोरांना नक्की वाचून दाखवा. "मला तीन आठवडे झाले तरी अजून जड जातंय, माझ्यातच खोट आहे" असं मानणारी कितीतरी मुलं माझ्यासमोर बसतात. त्यांच्यात खोट नसते. त्यांना दिलेली मुदतच चुकीची असते.


तिसरीपाळी
९ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

आत्ताच अंबडच्या कारखान्यातून पाळी संपवून घरी आलोय. सगळं वाचलं. धागा चांगला आहे, पण मनातलं बोलतो. शिस्तीच्या गोष्टी निघाल्या की पहाटे साडेचारचा गजर ठरलेला. माझी पाळी दर आठवड्याला बदलते. एका आठवड्यात सात ते तीन, पुढे तीन ते अकरा, मग रात्री अकरा ते सकाळी सात. पहाटे साडेचारला मी मशीनवर असतो. माझ्यासारखी हजारो माणसं सातपूर-अंबडला आहेत. आमची शिस्त कुठे मोजायची? झोप हीच आमची पहिली अडचण आहे. दुपारी पत्र्याच्या खोलीत, खाली लाऊडस्पीकर चालू असताना झोपून दाखवा, मग सवयींवर बोलू.


मैदानी_नाशिककर
९ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. साडेचारची वेळ भरतीच्या पोरांच्या सोयीची आहे, ती कुणी धर्म म्हणून घेऊ नये. रात्रपाळी करून आलेल्याने आधी झोपावं. माझ्याकडेही एक मुलगा सुरक्षारक्षकाची रात्रपाळी करतो, तो संध्याकाळी येतो आणि एकटा पळतो. त्याची हजेरी मी सकाळच्यांच्याच वहीत लावतो.


शिक्षिका_कॉलेजरोड
९ नोव्हेंबर, दुपारी १.४०

तिसरीपाळी दादा, घड्याळ सोडून द्या. सवय घड्याळालाच बांधली पाहिजे असं काही नाही, ती एखाद्या घटनेला बांधता येते. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात यावर बरंच काम केलं. "मी व्यायाम करेन" असा नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा "अमुक झालं की मी तमुक करेन" असं आधीच ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून काम जास्त पार पडतं. तुमची पाळी बदलते, पण पाळी संपल्यावर घरी येऊन तुम्ही काहीतरी एक गोष्ट नेहमी करतच असाल ना? तिच्या पाठीला नवी सवय लावा.


तिसरीपाळी
९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

ताई, आहे एक. कुठलीही पाळी असो, घरी आलो की आधी डबा घासतो. बायको पहाटे मेसच्या कामाला जाते, तिच्यावर डबा ठेवायचा नाही हे लग्नापासूनच ठरलेलं. म्हणजे डबा घासून पालथा घातला की तिथेच पाठीचे व्यायाम, असं म्हणताय. डॉक्टरांनी कंबरेसाठी दिलेले आहेत, कागद फ्रिजवर लावलेला आहे. करून बघतो.


उगावचा_बागायतदार
९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

दिवसभर बागेत होतो, आता वाचलं. आमचं सांगतो.

द्राक्षबाग माणसाला मनाप्रमाणे चालू देत नाही. वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. ऑक्टोबरला कात्री लागली की पुढचे साधारण चार महिने कामाचा क्रम ठरलेला. डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावणं, पोंगा म्हणजे डोळे फुगण्याची अवस्था, फेलफुटी म्हणजे बिनघडाच्या फुटी काढणं, फुलोरा, विरळणी, घड संजीवकात बुडवायचं डिपिंग. फुलोऱ्यात पाऊस आला तर रात्री काय आणि पहाटे काय, डाऊनी या बुरशीच्या रोगावरच्या फवारणीला ट्रॅक्टर काढावाच लागतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक चालू करायचं, नाहीतर मणी तडकतात. आज कंटाळा आलाय असं म्हणायची सोयच नसते. म्हणून शेतकऱ्याला शिस्त कुणी वेगळी शिकवत नाही.

पण हे सगळं पीक उभं असताना. पीक गेल्यावर काय? नोव्हेंबर २०२३ ची गारपीट आमच्या भागाने पाहिली. छाटणीला दोन महिनेही झाले नव्हते, घड लागलेले होते. अर्ध्या तासात पानं फाटून जमिनीवर, काड्यांना जखमा, घड ठेचलेले. वर्षाचं उत्पन्न डोळ्यांसमोर गेलं. कर्ज होतं. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आमचे वडील रोज डायरी लिहितात. निर्यातीच्या बागेला फवारणीची नोंद ठेवावीच लागते, पण वडिलांची सवय त्याच्या कितीतरी आधीची. लांबट हिशेबाची वही, निळं पेन, तारीख, किमान तापमान, वारा, कोणत्या प्लॉटला काय केलं. त्या संध्याकाळीही ते पडवीत बसले आणि लिहिलं: "गारपीट. दोन्ही प्लॉट. उद्या मोडक्या काड्या काढणे. बोर्डो." एवढंच. मी शेजारी उभा राहून वाचलं. मला त्या वेळी बागेकडे बघवत नव्हतं आणि वहीत दुसऱ्या दिवसाचं काम लिहून तयार होतं.

सकाळी उठून दोघे गेलो. मोडकं काढलं, जखमांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डोचं औषध मारलं. त्या हंगामाचं फळ काही परत येणार नव्हतं, पण वेल वाचवली नाही तर पुढचा हंगामही जातो. काम करताना मन हलकं झालं असं नाही म्हणणार. पण हात चालू होते, आणि त्या आठवड्यात तेवढंच पुरेसं होतं. पुढच्या एप्रिलला छाटणी वेळेवर झाली.

तुम्ही विचारलंत परत काय आणतं. आम्हाला त्या वहीने आणलं. दुःखाच्या दिवशी काय करायचं हे त्या दिवशी ठरवता येत नाही. रोज लिहायची सवय असली की हात आपोआप लिहितो.


शिक्षिका_कॉलेजरोड
९ नोव्हेंबर, रात्री १०.४८

दादा, काय लिहिलंय तुम्ही. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.


अभ्यासिका_बारा_नंबर
१० नोव्हेंबर, दुपारी १२.२०

मी एमपीएससी करतोय, म्हसरूळला राहतो. माझा प्रश्न साधा आहे. अभ्यासिकेत बारा तास बसतो, पण त्यातले किती तास मोबाइलवर जातात ते मलाच माहीत. रील्स बघायच्या नाहीत असं रोज सकाळी ठरवतो, दुपारपर्यंत मनाशी झगडतो आणि जेवण झालं की हरतो. इच्छाशक्ती कशी वाढवायची?


शिक्षिका_कॉलेजरोड
१० नोव्हेंबर, दुपारी ३.०५

बाळा, झगडतोस कशाला? माझं ठाम मत आहे की इच्छाशक्तीवर आपण नको तेवढी भिस्त ठेवतो. २०१२ साली जर्मनीत विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. लोकांना दिवसभरात मध्ये मध्ये विचारायचे, आत्ता कसला मोह होतोय, तुम्ही तो आवरताय का? ज्यांचा स्वतःवर चांगला ताबा होता ते दिवसभर मोहाशी लढत असतील असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात त्यांना लढावंच कमी लागत होतं. मोह समोर येईल अशा जागीच ते फारसे सापडत नव्हते.

तेव्हा मोबाइल टेबलावर पालथा ठेवू नकोस, खिशातही नको. अभ्यासिकेच्या कपाटात कुलूप लावून ठेव, किल्ली मित्राकडे दे. त्याचा फोन त्याच्या कपाटात, त्याची किल्ली तुझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करायचा असेल तर साधा बटणाचा फोन बाळग.

आणखी एक. इच्छाशक्ती दिवसभरात वापरून संपते, असं १९९८ पासून पुष्कळ शिकवलं गेलं, मीसुद्धा वर्गात शिकवत असे. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर ही कल्पना तपासणारा एकच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. तेव्हा "दुपार झाली, आता माझी शक्ती संपली" हे मनातून काढून टाक. जेवणानंतर जड वाटतं ते वाटतंच, त्या वेळेला वाचनाऐवजी प्रश्नपत्रिका सोडव किंवा सरळ वीस मिनिटं झोप काढ.


अभ्यासिका_बारा_नंबर
१० नोव्हेंबर, दुपारी ३.२२

किल्ल्यांची अदलाबदल आजच करतो. धन्यवाद मॅडम.


रोखठोक
१० नोव्हेंबर, रात्री ८.००

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विरोधी मत मांडतो. हे खाडा चालतो, लाज वाटू देऊ नका, कपाटात फोन ठेवा, अशाने पोरं मऊ होतात. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. सायकलवर सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या मुदतीत. त्यांनी मध्येच "आज चार फेऱ्या चालून घरी जातो" म्हटलं असतं तर? कठोरपणाशिवाय काही घडत नाही. फौजेतल्या माणसाने तरी हे सांगावं.


मैदानी_नाशिककर
१० नोव्हेंबर, रात्री ९.४०

रोखठोक साहेब, बरं झालं हे उदाहरण दिलंत. महाजन बंधूंचा मलाही अभिमान आहे. पण ती शर्यत त्यांनी दोघांचा संघ म्हणून केली. तिथे एक जण सायकल चालवतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो, सोबत गाडीत जेवण, पाणी, दुरुस्ती बघणारी माणसं असतात. विश्रांती ठरवून घेतली म्हणून ४८०० किलोमीटर झाले. आणि शर्यतीच्या नऊ दिवसांमागे किती महिन्यांचा सराव असेल, त्यात दवाखाना सांभाळून किती दिवस बुडाले असतील आणि ते किती वेळा परत सायकलवर बसले असतील, याचा विचार करा.

राहिली फौज. भरती झालेल्या पोराला पहिल्या दिवशी कुणी वीस किलोचं ओझं पाठीवर देऊन पळवत नाही. हळूहळू वाढवतात. आजारी पडला तर वैद्यकीय अधिकारी हलकं काम लिहून देतो, बरा झाला की परत तुकडीत घेतात. कठोरपणा आहेच, मी नाकारत नाही. वेळेत यायचं म्हणजे यायचं. आमच्या मैदानावरही साडेपाचला शिट्टी होते, त्यानंतर येईल तो कडेला उभा राहतो. पण उशिरा येणाऱ्याला आणि खाड्यानंतर परत येणाऱ्याला मी एका मापाने मोजत नाही. पहिल्याला नियम शिकवायचा असतो, दुसऱ्याला हिंमत द्यायची असते.

हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत आठवते ना? २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पाड्यावरून आलेल्या त्या मुलीला नाशिकमध्ये प्रशिक्षक मिळाले, राहायची सोय झाली, बरोबर पळायला मुली मिळाल्या. एकट्याच्या कठोरपणावर कुणीच एवढं लांब जात नाही.


रोखठोक
१० नोव्हेंबर, रात्री १०.०२

दोघांना एका मापाने मोजायचं नाही, हे पटलं. शिट्टीची वेळ पाळता हे वाचून बरं वाटलं.


ओट्यावरचा_अभ्यास
११ नोव्हेंबर, दुपारी २.३०

एकट्याच्या जोरावर होत नाही, या मुद्द्यावर लिहिते. बारावीनंतर लग्न झालं. दोन मुलं झाल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. गंगापूर धरणाच्या रस्त्यावरच्या त्या विद्यापीठामुळे माझ्यासारख्या किती बायका पदवीधर झाल्या असतील. १९८९ पासून ते चालू आहे.

रोज वर्ग नाहीत, हजेरी नाही, कुणी विचारणारं नाही. पुस्तकं मिळतात आणि आपण आणि आपलं नशीब. मी रात्रीची भांडी आवरून, ओटा पुसून, ओट्यावरच पुस्तक उघडायचे. बसले की झोप यायची म्हणून उभ्यानेच वाचायचे. स्वाध्याय लिहायची वेळ आली की धाकटा हमखास आजारी. मग दोन-तीन आठवडे पुस्तकाला हात नाही. धागाकर्ते म्हणतात ती लाज मला चांगलीच ठाऊक आहे. पुस्तकाकडे बघवतसुद्धा नाही.

मला परत आणलं ते सासूबाईंनी. त्या चौथी शिकलेल्या. एकदा असाच मोठा खाडा पडलेला असताना रात्री स्वयंपाकघरात आल्या, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हणाल्या, "ओटा मी पुसते, तू कालचं वाच." कालचं वाचून महिना झाला होता, त्यांनाही ते माहीत होतं. त्या दिवसापासून परीक्षा होईपर्यंत रात्रीचा ओटा त्यांनीच पुसला. मी काय वाचतेय ते मध्ये मध्ये विचारायच्या, मी इतिहास सांगायचे, त्या ऐकत बसायच्या.

माझ्या शिस्तीचं घरात सगळे कौतुक करतात. मला त्या फडक्याची आठवण येते.


शिक्षिका_कॉलेजरोड
११ नोव्हेंबर, दुपारी ४.१५

ताई, तुमच्या सासूबाईंसारख्या माणसाचं महत्त्व किती, हे सांगणारा एक फार मोठा अभ्यास आहे. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत लक्ष ठेवलं. जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण किंवा दारू असं बरंच काही आलं होतं. त्यांतलीही सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे धडधाकट, कर्ती, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं हे शोधताना पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट म्हणजे त्यांना पाठीशी उभं राहणारं निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस मिळालेलं होतं. आई-बाप नसेल तर आजी, मावशी, शिक्षक, शेजारी.

चिवटपणा हा माणसाच्या आतला गुण आहे असं समजून आपण तो नसणाऱ्याला दोष देतो. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्याच्या वाट्याला फडकं हातातून घेणारं माणूस आलं नाही, त्याच्याकडून तेवढ्याच चिवटपणाची अपेक्षा कशी करायची?


टाकळीचे_आजोबा
१२ नोव्हेंबर, सकाळी ७.००

मी आगर टाकळीला राहतो. इथे समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं, नदीत उभं राहून जप केला आणि रोज सूर्यनमस्कार घातले असं परंपरा सांगते. दर्शनाला येणारा प्रत्येक जण हे ऐकून म्हणतो, आपल्याकडून कुठे व्हायचं! माझंही तेच मत होतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं, आजोबा, टाच गादीवरून हळूहळू मागे सरकवायची, गुडघा वाकेल तेवढा वाकवायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला फार दुखायचं. दुखलं की दुपारचा व्यायाम मी टाळायचो. मग नात शाळेतून आली की गादीशेजारी बसून मोठ्याने आकडे मोजायला लागली. ती मोजायला बसली की टाळता येत नाही. आता सोमेश्वरला पायऱ्या उतरून धबधब्यापर्यंत जातो. तरुण पोरांनी छोट्या व्यायामाला हलकं समजू नये.


नवीन_सदस्य_४४७
१२ नोव्हेंबर, रात्री ११.५०

सगळे प्रतिसाद वाचले. मी पूर्वी रोज पळायचो, अभ्यास करायचो. दीड-दोन महिने झाले, काहीच होत नाही. दत्तू भोकनळ, द्राक्षबाग सगळं वाचून उलट अजून वाईट वाटलं. सकाळी जाग चारलाच येते पण अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. जेवण जात नाही. मित्रांचे फोन घेत नाही. वडील म्हणतात आळस भरलाय. दहा मिनिटं चालायचा नियम वाचला, तेही होत नाहीये. मला शिस्त नाही हेच खरं असेल.


मैदानी_नाशिककर
१३ नोव्हेंबर, पहाटे ४.२५

मित्रा, मैदानावर निघायच्या आधी तुझा प्रतिसाद वाचला. आळशी माणूस असं लिहीत नाही. तू पूर्वी पळायचास, ते पाय कुठे गेलेले नाहीत. मॅडम तुला नीट सांगतील. माझ्याकडून एवढंच, की आमच्या मैदानावर नुसतं कट्ट्यावर येऊन बसलेलं चालतं. पळायचं नाही, बोलायचंही नाही. कधीही ये.


शिक्षिका_कॉलेजरोड
१३ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

हे आळसाचं लक्षण नाही आणि बेशिस्तीचंही नाही. भल्या पहाटे जाग येणं, भूक मरणं, आवडीच्या गोष्टी नकोशा होणं, माणसं टाळणं, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना दाखवायचं असतं. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि बहुतेकांना त्याचा चांगला उपयोग होतो. तापात कुणी तुला १६०० मीटर पळायला सांगितलं असतं का?

१४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. सरकारी सेवा आहे, फोनला पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते. आजच लाव. मरणाचे विचार येत असतील तर तेही त्यांना स्पष्ट सांग आणि आज घरात एकटा राहू नकोस. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथेही दाखवता येईल.

उपचारात सवयींचा उपयोग होतो, पण तो आपल्या या धाग्यासारखा नाही. बरं वाटलं की उठेन, अशी वाट बघितली तर या आजारात ते बरं वाटणं लवकर येत नाही. म्हणून समुपदेशक अगदी बारीक कामं ठरवून देतात, खिडकी उघडणं, आंघोळ, दारापर्यंत जाणं, आणि तुझ्याबरोबर बसून ती हळूहळू वाढवतात. ते एकट्याने स्वतःवर लादायचं नसतं. वडिलांशी बोलणं अवघड वाटत असेल तर हा प्रतिसाद त्यांना दाखव.


तिसरीपाळी
१३ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

भावा, मीही या वाटेने गेलोय. गोळ्या घेतल्या, आठ-नऊ महिने घेतल्या, आता ठीक आहे. कामावर कुणाला सांगितलं नव्हतं, आज इथे पहिल्यांदा लिहितोय. फोन लाव.


नवीन_सदस्य_४४७
१३ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

१४४१६ वर मराठीत बोलतात का? मला इंग्रजी-हिंदी नीट जमत नाही.


शिक्षिका_कॉलेजरोड
१३ नोव्हेंबर, सकाळी १०.३२

हो, मराठीत बोलतात. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, मराठी निवड. फोन आधी कुणी समुपदेशक घेतील, गरज वाटली तर पुढे डॉक्टरांशी जोडून देतील.


नवीन_सदस्य_४४७
१३ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

लावला. बोललो. सोमवारी सिव्हिलला जायला सांगितलंय. आई येते म्हणाली.